आजोबांचा तलाव, काकांची दोन फुटी भिंत आणि खालची शाळा

बांधावरचा | ११ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज घरचं प्रकरण घेऊन आलोय.

पाटण तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी बैल विकले होते. त्याचा चटका असा होता की १९७९ साली त्यांनी स्वतःच्या रानातून जाणाऱ्या ओढ्यावर मातीचा बांध घातला. गावात त्याला आजही 'अण्णांचा तलाव' म्हणतात. ओढ्याच्या तळापासून उंची साडेसहा मीटर, लांबी ११० मीटर. भरला की सहाएक एकर पाण्याखाली जातं. साठा अंदाजे ६० हजार घनमीटर. जादा पाणी निघून जायला डाव्या अंगाला कातळ फोडून केलेला ५ मीटर रुंदीचा सांडवा आहे, त्याची उंबऱ्याची पातळी माथ्यापासून १.२ मीटर खाली.

दोन वर्षं झाली, मार्चमध्येच तळ दिसतो. म्हणून काकांनी ठरवलंय की सांडव्यावर काँक्रीटची दोन फूट भिंत घालायची. गवंडी ठरला, वाळू येऊन पडली. पावसाच्या आत काम उरकायचंय.

माझी अडचण अशी. आजोबांनी बांध घातला तेव्हा खाली नुसती नाचणीची खाचरं होती. आता रस्ता झाला, तर ७०० मीटरवर ओढ्याच्या काठाला नऊ घरांची वाडी, एक पोल्ट्री आणि जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा आहे. काकांचं म्हणणं, "एवढंसं तळं ते, ते काय कोयना आहे का? पंचेचाळीस वर्षांत एक ढेकूळ हललं नाही."

अशा छोट्या खासगी धरणांना सुरक्षिततेचे काही नियम लागतात का? धोक्याचं वर्गीकरण म्हणतात ते लागू होतं का? की मीच पुण्यात बसून उगाच घाबरतोय?

चहाबाज | ११ मे, रात्री ९:५२

पहिला! आता तज्ज्ञ येईपर्यंत चहा टाकतो.

खेकडा६५ | ११ मे, रात्री १०:०५

पुढेमागे काही झालंच तर आमच्यावर ढकलू नका, एवढीच विनंती. तिवऱ्याला एकदा बदनाम झालोय.

मृद्गंध | ११ मे, रात्री १०:३१

खेकडा६५, नाव बघून हसले, पण तिवरे आठवलं की हसू टिकत नाही. माझं माहेर चिपळूणकडचं. २ जुलै २०१९ च्या रात्री तिथलं धरण फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली. वाडी धरणाच्या अगदी पायाशी होती. गळतीच्या तक्रारी लोकांनी आधीच केलेल्या. आणि मंत्री म्हणाले, खेकड्यांनी भराव पोखरला.

बांधावरचा, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात.

धरणधोंडे | ११ मे, रात्री ११:१२

कायद्यापुरतं उत्तर सोपं आहे. धरण सुरक्षा कायदा २०२१ तुमच्या तलावाला लागत नाही. तो 'विनिर्दिष्ट' धरणांसाठी आहे: उंची १५ मीटरच्या वर, किंवा १० ते १५ मीटर आणि सोबत यातली किमान एक अट, म्हणजे माथ्याची लांबी ५०० मीटर किंवा जास्त, साठा १० लाख घनमीटर किंवा जास्त वगैरे. साडेसहा मीटर म्हणजे तुम्ही दाराच्या बाहेरच. काकांना सांगा, सुटलात.

जुना_ओव्हरसियर | १२ मे, सकाळी ६:२०

धरणधोंडे, "सुटलात" हा शब्द मागे घ्या. कायदा सुटला, पाणी सुटत नाही.

मी चौतीस वर्षं लघु पाटबंधाऱ्यात काढली. पाझर तलाव, गाव तलाव, मातीनाला बांध, सगळ्यांच्या माथ्यावरून चाललोय. लोकांचा कायमचा घोळ असतो तो आधी सोडवतो.

धरणाच्या कागदात दोन वेगळ्या गोष्टी असतात. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी होते तेव्हा दोषांच्या श्रेणी लावतात. श्रेणी १ म्हणजे धरण फुटू शकेल असा दोष, श्रेणी ३ म्हणजे किरकोळ डागडुजी. ही झाली धरणाची तब्येत. दुसरं ते धोका वर्गीकरण. केंद्रीय जल आयोगाच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत त्याचे चार वर्ग आहेत आणि तिथं उलट आहे, वर्ग १ म्हणजे सर्वांत कमी आणि वर्ग ४ म्हणजे सर्वांत जास्त. यात धरण चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही. फुटलं तर खाली कोण आणि काय आहे, एवढंच बघायचं. काल बांधलेलं ठणठणीत धरण वर्ग ४ मध्ये असू शकतं आणि माळावरचं पडकं तळं वर्ग १ मध्ये.

तुमच्या अण्णांनी १९७९ ला बांधलं तेव्हा धोका जवळपास शून्य होता. नंतर शाळा झाली, वाडी झाली. तुमच्या घरातल्या कुणी एक दगड हलवला नाही आणि तलाव मात्र वरच्या वर्गात गेला. काकांचं "पंचेचाळीस वर्षांत काही झालं नाही" हे तब्येतीबद्दल आहे. तुम्ही विचारताय ते दुसरंच आहे.

कायदा लागत नाही म्हणून वर्गीकरण कुणी करून देणार नाही, पण विचार करायची पद्धत तीच वापरा.

चहाबाज | १२ मे, सकाळी ७:०२

श्रेणी १ वाईट आणि वर्ग १ चांगला. हे ठरवलं त्या माणसाला माझ्याकडून एक कटिंग.

धरणधोंडे | १२ मे, सकाळी ९:१५

मागे घेतला. आता प्रायश्चित्त म्हणून आकडेमोड करतो.

मातीचं धरण फुटल्यावर किती पाणी सुटतं याचं फ्रोलिश या अभियंत्याचं १९९५ चं सूत्र आहे, जगभरच्या फुटलेल्या धरणांवरून काढलेलं. ६० हजार घनमीटर साठा आणि ६ मीटर पाणी धरलं तर कमाल विसर्ग येतो सेकंदाला साधारण १४० घनमीटर. म्हणजे १० हजार लिटरचे चौदा टँकर, दर सेकंदाला. अंदाजी आकडा आहे, थोडा इकडे तिकडे होईल. पण पाण्याची धाव सेकंदाला ३ मीटर धरली तरी ७०० मीटर यायला चारच मिनिटं.

चार मिनिटांत शाळा रिकामी होते का, हे काकांना विचारा.

शेतकरी_मित्र | १२ मे, सकाळी १०:४०

तुम्ही लोक घाबरवून सोडता. आमच्याकडं 'मागेल त्याला शेततळे'मधून गावात चाळीस शेततळी झाली, एक फुटलं नाही. पाण्याअभावी द्राक्षबाग जाळायला लागते तेव्हा कुणी धागा काढत नाही. दोन फूट भिंतीनं सहा एकरावर किती पाणी वाढतं हिशेब करा, पिकाला पाणी द्यायचं एक अख्खं आवर्तन निघतं. पुण्यात बसून शेतकऱ्याच्या पाण्यावर बोट ठेवणं सोपं असतं.

बांधावरचा | १२ मे, सकाळी ११:०५

शेतकरी_मित्र, काका शब्दशः हेच म्हणाले. तुम्हीच काका नाही ना? :)

हिशेब केला. सहा एकरावर दोन फूट म्हणजे १४-१५ हजार घनमीटर. कमी नाही, मान्य आहे.

जुना_ओव्हरसियर | १२ मे, दुपारी १:३०

शेतकरी_मित्र यांचं दुःख खरं आहे, तुलना चुकीची आहे. कागद घातलेल्या शेततळ्यात पाणी तुम्ही पंपानं भरता. बटण बंद केलं की आवक बंद. ओढ्यावरच्या तलावाला बटण नसतं. वरून येईल तेवढं येतं, आणि त्याच्या वाटेला एकच दार, सांडवा. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की खालचा उतार कापत कापत ते मागं सरकतं आणि तासाभरात भगदाड. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेलेलं चालतं, मातीच्या नाही.

बांधावरचा, पाणलोट, म्हणजे जिथलं पाणी तलावात उतरतं ते क्षेत्र, किती आहे ते सांगा.

बांधावरचा | १२ मे, दुपारी ३:१०

गूगल अर्थवर डोंगराची धार धरून मोजलं. १२० हेक्टरच्या आसपास.

धरणधोंडे | १२ मे, संध्याकाळी ६:४५

घाटाच्या पायथ्याला तासाला १०० मिमीचा झोडपा काही नवलाचा नाही. १२० हेक्टर, वाहून येणारा भाग ६० टक्के. ओढ्याला पूर येतो सेकंदाला २० घनमीटरचा.

सांडवा ५ मीटर. बांध काठोकाठ भरेपर्यंत, म्हणजे उंबऱ्यावर १.२ मीटर पाणी चढलं तर, तो ११ घनमीटर नेतो. म्हणजे आजच निम्म्यावर आहे. लहान झोडप्यात तलावाची स्वतःची पोकळी थोडं पाणी पोटात घेते, म्हणून इतकी वर्षं निभावलं असावं. काकांची दोन फुटी भिंत घातली की वर उरतात दोन फूट. सांडवा नेणार ४ घनमीटर.

यायचे २०, जायचे ४. बाकीचे कुठून जाणार?

खेकडा६५ | १२ मे, संध्याकाळी ६:५०

माझ्या बिळातून नाही.

वकिलीणबाई | १२ मे, रात्री ९:२२

धरणधोंडे यांनी कायदा संपवला म्हणून मी आले.

इंग्लंडात लँकेशायरमध्ये एका गिरणीमालकानं स्वतःच्या सोयीसाठी तळं बांधून घेतलं. तळ्याखाली जुन्या खाणीच्या विहिरी होत्या, १८६० मध्ये पाणी त्यातून शेजाऱ्याच्या कोळसा खाणीत गेलं. मालकाची स्वतःची चूक नव्हती, बांधणारे कंत्राटदार होते. तरी १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं निकाल दिला की निसटलं तर नुकसान करील अशी वस्तू आपल्या जमिनीत आणून साठवली, तर ती निसटल्याची जबाबदारी साठवणाऱ्याची. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर. आपल्याकडं कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या पोराला झोपेत उठवून विचारलं तरी सांगेल. म्हणजे हे सगळं तत्त्व मुळात एका छोट्या खासगी तळ्यातूनच आलंय.

ही झाली भरपाई. माणूस गेलं आणि निष्काळजीपणा दिसला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, पाच वर्षांपर्यंत. "सांडवा अडवू नका" असं कुणी सांगितलेलं असताना अडवला, तर निष्काळजीपणा वेगळा शोधावा लागत नाही. (हा धागा काकांना दाखवू नका म्हणणार होते, पण दाखवाच.)

आणि ओढा तुमच्या रानातून जातो म्हणून तुमचा होत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नदीनाले सरकारचे. १९७९ ची परवानगीची काही चिठ्ठीचपाटी असेल तर शोधून ठेवा.

कार्डिफकर | १३ मे, पहाटे ३:१५

इकडे वेल्समध्ये १९२५ साली डॉलगॅरोग गावाच्या वरचं एक धरण फुटलं, त्यानं खालचं धरण फोडलं, १६ माणसं गेली. त्यातून १९३० चा जलाशय सुरक्षा कायदा आला. आता मर्यादा उंचीवर नाही, साठ्यावर आहे. इंग्लंडात २५ हजार घनमीटर, वेल्समध्ये २०१६ पासून १० हजार. मालक सरकार असो की मेंढपाळ. तुमचा ६० हजारांचा तलाव इकडे असता तर नोंद सक्तीची, आणि जास्त धोक्याचा ठरला तर दर दहा वर्षांनी मान्यताप्राप्त अभियंत्याची तपासणी, खर्च मालकाचा. माझ्या ओळखीचा एक शेतकरी त्या खर्चाला कंटाळून तळं निम्मं करून बसलाय.

ब्रिस्बेनची_बाय | १३ मे, सकाळी ७:४०

आमच्या क्वीन्सलंडात तर वर्गवारी सरळ डोकी मोजूनच. फुटलं तर २ ते १०० माणसांना धोका, पहिला वर्ग. १०० च्या वर, दुसरा. दोनपेक्षा कमी असतील तर तुमचं तुम्ही बघा. खाली नवं घर झालं की मोजणी बदलते, आणि त्यावरून धरणवाला आणि घरवाला यांची जुंपते. "मी आधी आलो" हे दोघंही म्हणतात.

मृद्गंध | १३ मे, सकाळी ८:१०

हाच तर प्रश्न आहे ना! वाडीवाल्यांनी ओढ्याच्या काठाला घरं बांधताना वर बघितलं नाही? ग्रामपंचायतीनं शाळा तिथं कशी बांधली? सगळं काकांच्याच माथी का?

शेतकरी_मित्र | १३ मे, सकाळी ८:२५

मृद्गंधताई, +१. पहिल्यांदा कुणीतरी बोललं.

वकिलीणबाई | १३ मे, सकाळी ९:००

ओढ्याची पूररेषा न बघता शाळा बांधणं ही चूकच, ती चूक वेगळी भांडा. पण पाणी येताना सातबारा बघून येत नाही. केनियात सोलाई इथं ९ मे २०१८ च्या रात्री एका खासगी मळ्यावरचा सिंचनाचा मातीचा बांध फुटला, चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यात बरीच मुलं. परवाना नव्हता असं तिथल्या सरकारी यंत्रणेनंच नंतर सांगितलं. खालची वस्ती गरिबांची, वरचं पाणी मळ्याचं. तिथंही मळ्याच्या मालकावर खटला भरला, झोपडीवाल्यांवर नाही.

पेठेतला_पुणेकर | १३ मे, सकाळी १०:१२

अवांतर: आमचे बाबा १२ जुलै १९६१ ला बारा वर्षांचे होते. पानशेत फुटलं आणि पुढं खडकवासलाही गेलं. वाड्याच्या भिंतीवरची पाण्याची रेघ त्यांनी आम्हाला लहानपणी बोट ठेवून दाखवली होती. वाडा पाडला तेव्हा बिल्डर म्हणाला, आठवण म्हणून काही ठेवायचं का? बाबा म्हणाले, ती रेघ. भिंत कशी ठेवणार.

चहाबाज | १३ मे, सकाळी १०:३०

__/\__

आंबेवाला | १३ मे, दुपारी १२:४५

सोपा उपाय सुचवू? बांधावर नारळ आणि साग लावा. मुळं माती धरतात, उत्पन्नही येतं.

जुना_ओव्हरसियर | १३ मे, दुपारी १२:५८

आंबेवाले, अहो काय सांगताय! झाड उभं आहे तोवर ठीक. वठलं की मुळं कुजतात आणि भरावात आरपार नळी तयार. वादळात उपटलं तर माथ्याचा लचका जातो. बांधावर हरळी पाहिजे, फार तर खालच्या उतारावर वाळा. मनगटाएवढी झालेली बाभूळ दिसली तर आत्ताच काढा. मात्र मोठं जुनं झाड असेल तर घाईनं मुळासकट उपटू नका, त्याचा खड्डा नीट थर देऊन कुटून भरावा लागतो. ते माणूस बोलावूनच करा.

खेकड्याचं पण सांगतो, चेष्टा पुरे. खेकडे, घुशी बिळं करतात हे खोटं नाही. पण दर वर्षी बांधावर फिरून बिळं बुजवणारा माणूस असला की खेकडा धरण फोडत नाही.

आता बांधावरचा, घरी जाल तेव्हा चार गोष्टी बघा. माथा सरळ आहे का, मध्ये खोलगट झालाय का. आतल्या पिचिंगचे, म्हणजे पाण्याकडच्या उतारावर रचलेले, दगड घसरलेत का. जुनी मोरी (तलावाचं पाणी सोडायची बांधाखालची वाट) कुठून जाते, तिच्या तोंडाशी ओल आहे का. आणि पायथ्याशी पाझर असेल तर पाणी नितळ की गढूळ. पाझर सगळ्याच मातीच्या धरणांना असतो, तो आजार नाही. गढूळ पाझर म्हणजे धरण आतून माती सोडतंय. नुसत्या डोळ्यांनी कळत नाही कधीकधी. स्वच्छ काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवा, सकाळी तळाशी गाळ बसलाय का बघा. आणि दहा लिटरची बादली किती सेकंदात भरते ते वहीत लिहा, तलावाच्या पातळीसकट. पातळी तीच असून पाझर वाढला की फोन उचलायचा.

बांधावरचा | १३ मे, दुपारी १:२०

मोरीच्या डाव्या अंगाला ओल आहे. लहानपणापासून आहे, तिथं अळू लावलेला असतो. आज्जी त्या अळवाची फतफतं करायची.

जुना_ओव्हरसियर | १३ मे, दुपारी १:२४

फतफतं उत्तम होत असणार. बाटली भरा.

अनामिका_के | १३ मे, संध्याकाळी ५:३०

एक वेगळा मुद्दा. सगळे फुटण्याबद्दल बोलताय, पण तळ्यात मुलं बुडतात ते जास्त वेळा घडतं. आमच्या भावकीत घडलंय. अस्तर घातलेलं शेततळं, कागद बुळबुळीत, पोर कडेला येऊनही वर चढू शकलं नाही. शाळा इतकी जवळ आहे तर कुंपण घाला, आणि चार ठिकाणी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवा, टोकाला ट्यूब बांधून. हजार रुपयेसुद्धा लागत नाहीत.

बांधावरचा | १३ मे, संध्याकाळी ५:४८

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. नक्की करतो. तुमच्या घरच्या गोष्टीबद्दल वाईट वाटलं.

बांधावरचा | २५ मे, रात्री १०:१५

गावाला जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

गवंड्याकडची पारदर्शक नळी पाण्यानं भरून बांधाच्या माथ्यावर दर दहा मीटरला पातळी घेतली. चुलतभाऊ एका टोकाला, मी दुसऱ्या. बांधाच्या मध्यावर, जिथून ट्रॅक्टर जातो तिथं, माथा ३५ सेंटिमीटर खाली बसलाय. डोळ्यांना अजिबात दिसत नाही. म्हणजे सांडव्याच्या उंबऱ्यापासून माथ्यापर्यंतचं १.२ मीटरचं मुक्तांतर कागदावरच, खरं ८५ सेंटिमीटर.

काका लांबून बघत होते. मग आले आणि म्हणाले, "नळीत बुडबुडा असंल." बुडबुडा काढून परत घेतली. ३५ च.

धरणधोंडे | २५ मे, रात्री १०:३२

८५ सेंटिमीटरला सांडवा साडेसहा घनमीटर नेतो. दोन फुटी भिंत घातली असती तर बांधाच्या मध्यापेक्षा उंबरा फक्त २५ सेंटिमीटर खाली राहिला असता. विसर्ग जेमतेम १. म्हणजे पाणी सांडव्याऐवजी ट्रॅक्टरच्या चाकोरीतून गेलं असतं.

शेतकरी_मित्र | २५ मे, रात्री १०:५०

हे मात्र वाईट आहे. मी माझ्या गावच्या पाझर तलावावर उद्या नळी घेऊन जातो.

पाणी पाहिजेच असेल तर वर वाढवण्यापेक्षा खाली वाढवा. १९७९ पासूनचा गाळ काढला का कधी? आमच्याकडं गाळ रानात टाकायला लोक ट्रॅक्टर घेऊन रांगेत असतात.

जुना_ओव्हरसियर | २६ मे, सकाळी ६:१०

शेतकरी_मित्र, हे लाखातलं बोललात. फक्त गाळ काढताना बांधाच्या आतल्या पायथ्याजवळ जेसीबी नेऊ नका. पाया उघडा पडतो. बांधापासून लांब, पाणफुगवट्याच्या शेपटीकडून, म्हणजे ओढा तलावात शिरतो त्या टोकाकडून, काढत या.

बांधावरचा, या पावसाळ्यापुरतं: सांडव्यातली झुडपं, वाळू, गवंड्याचं सामान आजच उचला. माथ्याची खोलगट जागा मुरूम-मातीनं थरावर थर देत, पाणी मारून, कुटून भरा. ट्रॅक्टरची वाट बंद. सांडवा रुंद करायचं काम दिवाळीनंतर, आणि ते माझ्यासारख्याच्या अंदाजावर नाही, जागेवर येऊन बघणाऱ्या अभियंत्याकडून करून घ्या. तोवर तलाव काठोकाठ भरू देऊ नका, मोरी उघडी ठेवा.

मृद्गंध | २६ मे, सकाळी ९:३०

आणि वाडीत सांगितलंत का?

बांधावरचा | २६ मे, रात्री ९:०५

सांगितलं. अवघड गेलं. आधी शाळेच्या बाईंना भेटलो. त्यांनी शांतपणे विचारलं, "मुलांना कुठल्या बाजूला पळवायचं?" मी ओढ्याच्या उजव्या अंगाच्या टेकाडाकडं बोट केलं. त्यांनी लगेच दोन पोरांना तिकडं चालत जायला लावलं आणि घड्याळ बघितलं. सहा मिनिटं लागली, पायवाटेवर घाणेरीची झुडपं माजलीत म्हणून. चारच मिनिटं हातात आहेत हे मी त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या लोकांनी कोयते घेऊन वाट साफ केली. चुलतभावाचा नंबर शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहिलाय, जोराच्या पावसात रात्री बांधावर तो जाणार.

काका यातल्या कशातच नव्हते. निघताना एसटीपर्यंत सोडायला आले. वाटेत एवढंच म्हणाले, "वाळू आलीच आहे, तर ती सांडव्याच्या बाजूच्या भिंतीला वापरू. रुंद किती करायचा म्हणाला तो तुझा ओव्हरसियर?"

जुना_ओव्हरसियर | २६ मे, रात्री ९:२०

जागा बघितल्याशिवाय सांगत नाही. त्यांना म्हणावं पिठलं-भाकरी घाला, मी येतो.

चहाबाज | २६ मे, रात्री ९:२२

मीही. काम काही नाही, पिठल्यापुरता.

खेकडा६५ | २६ मे, रात्री ९:३१

बाटलीचं काय झालं?

बांधावरचा | २६ मे, रात्री ९:४०

तीन दिवस भरून ठेवली. पहिल्या दिवशी तळाला बोटभर गाळ, छातीत धस्स झालं. चुलतभावानं अळवाच्या वाफ्यातनं भरून आणली होती. नंतर दोन दिवस मी स्वतः मोरीच्या तोंडाशी भरली. नितळ. बादली भरायला ५२ सेकंद, तलावात सध्या दीड मीटर पाणी. वहीत लिहिलंय. पुढची नोंद पहिल्या मोठ्या पावसानंतर इथंच टाकतो.